डाव्या सीटवरचं वजन

आण्णा, रबर खरं बोलतं, हे तुम्ही होतात तोवर तुमचा मुलगा असूनही मला तुम्हाला पटवता आलं नाही. तुमचा जन्म लोखंडात गेला. ट्रकच्या स्प्रिंगचा बसलेला पाटा भट्टीत लाल करायचा, घणाखाली त्याची गेलेली कमान परत आणायची, तेलात सोडायचा आणि गार झाला की टिचकी मारून कानाशी धरायचा. रबराला तुम्ही चिंध्या म्हणायचात. आडगाव नाक्याच्या आपल्या शेडमध्ये रबरी बुशांचा डबा सगळ्यात खालच्या फळीवर, उंदरांच्या वाटेत असायचा. आज माझं घर त्या चिंध्यांवर चालतं. पाथर्डी फाट्याजवळ माझं गॅरेज आहे; फक्त शॉकअप, स्प्रिंगा, त्यांचे आर्म आणि बुश. इंजिनाला मी हात लावत नाही. कोणी म्हणालं, जाता जाता ऑइल बदलून द्या, तर मी समोरच्या माणसाकडे पाठवतो. धुळ्याहून, ठाण्याहून गाड्या येतात, आणि पहिल्याच भेटीत मी गिऱ्हाइकाला सांगून टाकतो की मला हे कुणी शिकवलेलं नाही. कंपनीत उमेदवारी नाही, आयटीआय नाही. इंग्रजी मॅन्युअल मांडीवर आणि शब्दकोश शेजारी, असं वाचून शिकलो. तुम्ही हे ऐकलं असतंत तर खोडलं नसतंत. तुम्ही माझं काहीच खोडायचा नाहीत, एकदा सोडलं तर.

तुमची ती पद्धत मला आठवते आणि अजूनही थोडा राग येतो. नवा पाटा चढवून झाला की शेवटचे बोल्ट कसायच्या आधी तुम्ही केबिनमध्ये क्लीनरच्या बाजूला चढून बसायचात. देह मोठा. पायरीवर पाय ठेवलात की अख्खा ट्रक तुमच्याकडे बघितल्यासारखा झुकायचा. आत बसून हातावर तंबाखू मळून व्हायची, आणि मग दाराच्या पत्र्यावर दोन थापा पडायच्या. गाडीखाली पाठीवर पडलेल्या मला तेवढा इशारा पुरायचा. ड्रायव्हर लोक टिंगल करायचे. "उस्ताद, नजर लागू नये म्हणून बसता का वर? लिंबू-मिरची स्वस्त पडली असती." तुम्ही म्हणायचात, "तुझ्याशेजारी कोणी ना कोणी बसणारच ना? त्याचं वजन आत्ताच घेऊन ठेवतो." घोटीहून तांदूळ वाहणारा एक ट्रक होता. तुम्ही चहाला गेला होतात आणि मी सगळे बोल्ट कसून हात पुसत उभा. तुम्ही येऊन बोल्टांकडे बघितलंच नाही, वर सीटकडे बघितलंत.

"कोण बसलं होतं?"

"कोणी नाही."

"मग कुणाच्या वजनावर कसलंस?"

ड्रायव्हरसमोर मला सगळे सोडायला लावलेत. "रिकामी गाडी खोटं बोलते रे. तिचं काय ऐकतोस?" हे म्हणत तुम्ही वर चढलात, आणि दोन थापा.

कारचं शास्त्र वेगळं आहे. चाक धरणाऱ्या आर्मच्या टोकाला रबरी बुश असतो, त्याच्या मधून लोखंडी नळी जाते, नळीतून बोल्ट. बोल्ट कसला की रबराला कळतं की आपली बसायची जागा ही. गाडी वर उचललेली, चाकं लोंबकळत असताना कसलं, तर रबर ती लोंबकळती जागाच आपली समजतं आणि गाडी खाली आल्यावर कायमचं पिळलेलं राहतं. मग कुरकुरतं, पुढे फाटतं. शॉकअप नवे टाकले आणि आवाज सुरू झाला की लोक शॉकअपला शिव्या देतात. शॉकअप क्वचित बोलतो. बोलतं त्याच्या शेजारचं. माझ्याकडे ही चूक होत नाही. चारही चाकं जमिनीवर, गाडी रिकामी, एकदा पुढे-मागे ढकलून स्थिरावलेली, आणि मगच टॉर्क पाना. कसून झालं की नळी आणि तिला धरणारी पट्टी, दोन्हींवरून मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढतो. बोल्ट केसभर जरी हलला तरी रेघ तुटते. ती रेघ म्हणजे माझी सही. गॅरेजच्या पहिल्या दिवशी, पहिल्याच गाडीला, तुम्ही नवीन टोपी घालून आलात आणि डावं दार उघडून आत बसलात. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हटलं, "आण्णा, उतरा. कारला लागत नाही ते. पुस्तकात रिकाम्या गाडीवरच सांगितलंय." तुम्ही "बरं" म्हणालात आणि उतरलात. तुमच्याबरोबर गाडीचा तो कोपराही वर आला. मी बरोबर होतो. आजही, ह्या सगळ्यानंतरही, पुस्तक चुकलंय असं मी म्हणणार नाही.

आता ह्या सगळ्यावर येतो. संक्रांत झाल्यावर देवळाली कॅम्पातले एक सुभेदार गाडी घेऊन आले. तोफखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, सत्तरी ओलांडलेली, बूट मात्र आरशासारखे. ही गाडी मी ओळखत होतो. दिवाळीनंतर मीच तिला पुढचे-मागचे चारही शॉकअप आणि पुढचे बुश नवीन बसवून दिले होते. कंपनीचे नव्हेत, बाहेरचे, पण चांगले, मऊ बसणारे. त्यांच्या बायकोला पाठीचं दुखणं होतं. खड्ड्यातून गाडी गेली की ती दाराची कडी घट्ट धरून डोळे मिटायची. "ती असताना बसवायचे होते, राहून गेलं," असं ते तेव्हा म्हणाले होते. ती गेल्यावर महिनाभरात ते आले होते. मेलेल्या माणसाच्या पाठीसाठी शॉकअप बसवणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलेलं नाही. मी काही विचारलं नव्हतं, काम केलं होतं.

ह्या वेळी सोबत त्यांची मुलगी होती. पुण्याला असते, बँकेत. तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं की ती रजा टाकून आलेली आहे.

"आवाज आहे," सुभेदार म्हणाले. "डाव्या बाजूला, पुढे."

"दादा, पप्पांचे कान तोफांनी खाल्लेत," मुलगी म्हणाली. "ह्यांनी टीव्ही लावला की तिसऱ्या घरातली बाई येते सांगायला. आणि ह्यांना गाडीतलं कट्ट ऐकू येतं!"

"कानानं कोण म्हणतंय? पाठीला ऐकू येतं."

"बघा. बघा तुम्हीच."

"तू बघ. तुझ्या आईच्या वेळेला पण तू डॉक्टरला असंच म्हणालीस, तिला काही नाही, सवय आहे तिला कण्हायची."

सुभेदार पाणी प्यायला गेले तेव्हा तिनं मला कॉम्प्रेसरच्या मागे, आवाजाच्या आडोशाला नेलं. दोन गॅरेजवाल्यांनी आवाज नाही म्हणून सांगितलंय, ती म्हणाली. शेजाऱ्यांना गाडीत बसवून हिंडवतात, कुणालाच ऐकू येत नाही. कुणी सोबत नसताना मात्र येतो म्हणतात. "एकटे गाडीत बोलतात ते, दादा. सिग्नलला बाजूच्या रिक्षावाल्यानं बघितलंय. आता तुम्हीच गाडी बनवलीय, तुमचं ते ऐकतील. आवाज नाही असं तुम्ही म्हणालात की मी गाडी विकून टाकते आणि त्यांना पुण्याला नेते. माझा तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, काही अडचण नाही." रडवेली होती ती. वाईट नव्हती. मी तिला म्हटलं, ताई, मी ऐकतो आणि जे आहे ते सांगतो. एवढंच काम आहे माझं. ते म्हणताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगतो.

आधी मी चालवली, सुभेदार शेजारी. वडनेरच्या रस्त्याला जो तुटका पट्टा आहे तिथून गाडी हळू नेली, जोरात नेली, एक चाक खड्ड्यात घालून नेली. काही नाही. मग ते चालवायला बसले, मी डाव्या सीटवर. काही नाही. कामाला नावं ठेवायला जागा नव्हती. गाडी लोण्यासारखी चाललेली. परत येताना ते स्टिअरिंगवरची नजर न काढता म्हणाले, "तुम्ही बसलात म्हणून. कुणीही तिथं बसलं की थांबतं. मला आता सांगायची लाज वाटते." मुलगी दाराशीच उभी होती. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी 'नाही' एवढं म्हणायचा अवकाश होता. जीभ टाळ्याला लागली होती, आण्णा. पण कुणीही बसलं की थांबतं, हे वाक्य वेड्याचं वाटलं नाही मला. ते मिस्त्रीचं वाक्य होतं. वजन आलं की थांबतं, असा आवाज असतो. मी म्हटलं, "मी एकटा एक चक्कर मारून येतो."

भर दुपार होती. देवळालीच्या अंगाला तोफांचा सराव चालू होता. लांबून दबलेले धमाके यायचे आणि काचांना हलकी थरथर यायची. वडनेरच्या पुढे, दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा लागतात तिथं रस्ता मोकळा मिळाला. काच वर, पंखा बंद. आणि आला. कट्ट. अगदी हळू. मी गेली पंचवीसेक वर्षं गाड्यांचे आवाज ओळखून पोट भरतोय. लिंक रॉड सुटला की भांडी आपटल्यासारखं वाजतं, वरचं माउंटिंग गेलं की खुर्ची ओढल्यासारखं, स्प्रिंगचं टोक जागेवर नसलं की टण्णकन उडी. हा त्यातला नव्हता. जड माणूस बराच वेळ एका अंगावर बसून राहिला आणि मग त्यानं अंग सावरलं, की त्याच्या गुडघ्यातून, सीटच्या सांध्यातून मिळून जसा येतो, तसा. पुन्हा खड्डा, पुन्हा कट्ट. प्रत्येक वेळी थोडा उशिरा, म्हणजे चाक खड्ड्यातून बाहेर आल्यावर. धक्का बसला की आपण आधी सोसतो, आणि मग सावरून बसतो. तसं. मी डावीकडे बघितलं. सीट रिकामी. डाव्या सीटवर कुणी बसलं की समोर पट्ट्याचा लाल दिवा लागतो ह्या गाडीत, दिवा विझलेला. मी दिवा बघितला, ही गोष्ट लक्षात घ्या तुम्ही. मला बघावासा वाटला.

गॅरेजला येऊन मी मुलीच्या हातात किल्ली दिली. "ताई, एकट्या जा. पप्पांना नेऊ नका, कुणाला नेऊ नका. काच बंद ठेवा." ती वैतागली, पण गेली. सुभेदार बाकड्यावर सैनिकासारखे ताठ बसून राहिले. मुलगी आली तेव्हा गाडी तिनं आत घेतली नाही, दारातच थांबवली आणि इंजिन बंद करायचं विसरून बसून राहिली. मग काच खाली झाली.

"आहे," ती म्हणाली.

सुभेदारांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मुलगी उतरून त्यांच्याजवळ आली आणि बाकड्यावर शेजारी बसली. "गाडी राहू दे पप्पा," ती म्हणाली. "पुण्याचं नंतर बघू." तिथं खरं म्हणजे माझं काम संपलं होतं. सुभेदार मला म्हणालेही, "आवाज काढा असं मी कुठं म्हटलं? आहे एवढं हिला कळलं, बास." पण माझ्या हातचं काम आवाज करतंय आणि मी ते तसंच सोडून देऊ? मी म्हटलं, साहेब, तुमचं झालं, माझं राहिलंय.

गाडी मी खड्ड्यावर घेतली, म्हणजे चाकं जमिनीवर आणि मी खाली. माउंटिंग, लिंक, स्प्रिंगचं टोक, धूळ अडवणारी टोपी, सगळं चोख. डाव्या बुशपाशी माझी पांढरी रेघ अखंड. म्हणजे मी कसल्यापासून बोल्ट हललेला नाही. पण रबर पिळलेलं दिसत होतं. थोडंसंच. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. उजव्या बाजूचं सरळ, डाव्याचं पिळलेलं. म्हणजे ज्या दिवशी मी तो बोल्ट कसला त्या दिवशी गाडीचा डावा कोपरा आतापेक्षा खाली होता. सरळ हिशोब आहे. डाव्या सीटवर वजन होतं, आणि मी त्या वजनावर कसलं. म्हणून ती जागा रिकामी असली की रबर पिळतं आणि बोलतं, आणि कुणी बसलं की त्याला त्याची जागा मिळते आणि ते गप्प होतं. मी माझ्या मिस्त्रीला हाक मारली. मालेगावकडचा आहे, माझ्याकडे बरीच वर्षं आहे, खोटं बोलायचं तर आधी खोकतो.

"त्या दिवशी गाडीत कोण बसलेलं होतं?"

"कोणीच नाय शेठ. तुम्ही बसू देता का कोणाला? मागं एकदा मी नुसता डबा ठेवला सीटवर तर तुम्ही माझा उद्धार केला होता."

खोकला नाही तो. आणि माझ्याकडे फोटो होता. कसायच्या आधी प्रत्येक गाडीचा मी एक फोटो काढतो आणि गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवतो. चारही चाकं जमिनीवर, दारं बंद, आत कोणी नाही. मी खड्ड्यातच उभा राहून तो फोटो शोधला आणि दोन बोटांनी मोठा केला. डावी सीट रिकामी आहे. उन्हात तिचं कव्हर चमकतंय, त्यावर एक सुरकुती नाही. मग मी चाक बघितलं. उजवीकडे चाक आणि पत्रा ह्यांच्यात चार बोटं जागा. डावीकडे तीन.

मी मिस्त्रीला फोटो दाखवला नाही. त्याला म्हटलं, सरक, मी सोडतो. पाना लावला आणि हळू, चतकोर चतकोर, बोल्ट सैल करत गेलो. सुभेदार केव्हा उठून बोनेटपाशी येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही; खालून फक्त बूट दिसत होते. शेवटच्या चतकोराला रबरानं पीळ सोडला. आवाज झाला नाही. डावा कोपरा सावकाश, बोटभर वर आला. जॅकनं उचलल्यासारखा नव्हे. हे मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही जन्मभर बघितलंय, माणूस सीटवरून उठतो तेव्हा गाडी कशी वर येते ते. आधी थोडी, मग पूर्ण, आणि शेवटी एक हलका डोल. कुठं तरी तोफेचा बार झाला.

"उतरली," सुभेदार म्हणाले.

हळूच, नुसती माहिती दिल्यासारखे म्हणाले. मी खाली होतो, माझ्या तोंडावर गंजाची भुकटी पडत होती, आणि माझ्या मनात शब्द आला तो दुसरा होता. उतरले. तुम्ही काही मला विचारून आला नसणार. पण मी त्या दिवशी, दिवाळीनंतर, गाडीखाली हात घालून शेवटचा बोल्ट कसताना क्षणभर थांबलो होतो, हे मला आता खड्ड्यात आठवलं. का थांबलो ते आठवलं नाही. आपण कुणाची तरी खूण व्हायची वाट बघतो, तसा थांबलो होतो.

रेघ तुटली होती. नळीवरचा तुकडा खाली सरकला होता आणि पट्टीवरचा जागेवर. आणि मग मला सुचू नये ते सुचलं. डाव्या सीटवर वजन ठेवत गेलो, तर ज्या वजनाला रेघेची दोन्ही टोकं पुन्हा जुळतील, नेमकं तेवढं वजन त्या दिवशी तिथं होतं. समोरच्या किराणा दुकानातून मी दहा-दहा किलोच्या तांदळाच्या पिशव्या मागवल्या. दुकानदार स्वतः ढकलगाडीवर घेऊन आला. "काय शेठ, गाडीचं बारसं आहे का? पंगत किती पानांची?" मी म्हटलं, ठेव आणि जा, लागतील तेवढ्या वापरून परत देतो. मुलगी सुभेदारांना चहाच्या टपरीवर घेऊन गेली होती. जाताना, पिशव्या कशाला ते मी सांगितल्यावर, ते थांबले आणि मला म्हणाले, "शेवटी बेचाळीस किलो राहिली होती. काट्यावर मीच धरून उभी करायचो." त्यांना काय हवं होतं ते मला कळलं.

मिस्त्री पिशव्या ठेवत गेला, मी खाली बॅटरी धरून रेघ बघत गेलो. दोन पिशव्या. तीन. चार. बेचाळीस म्हणजे चारला रेघ जुळत आली पाहिजे. नाही. तुकडे अजून लांब. पाच. "शेठ, आवाज शोधताय का तांदूळ मोजताय?" मी म्हटलं, ठेव. सहा. सात. सीटची गादी दबल्याचा आवाज मला खाली ऐकू येत होता. आठव्या पिशवीला टोकं एकमेकांना शिवायला केसभर राहिली, आणि नववी त्यानं कडेवर ठेवून नुसती टेकवली तर जुळली. मी म्हटलं, थांब. हात काढू नकोस. बॅटरीच्या उजेडात ती रेघ अशी अखंड दिसत होती की मधे कधी तुटलीच नव्हती.

तुमचं वजन आकड्यात मला माहीत नाही, आण्णा. तुम्हाला कधी कुणी काट्यावर चढवलं नाही, तुम्ही चढलाही नसतात. मला ते फक्त उजव्या खांद्यात माहीत आहे. अमरधामच्या रस्त्यानं तुम्हाला खांद्यावर नेताना पुढच्या उजव्या बाजूला मी होतो, आणि वळणावर सगळं वजन माझ्याकडे आलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की ह्या माणसानं आपल्या अंगावर अख्खं बसायचं ठरवलंय. नववी पिशवी मिस्त्रीनं टेकवून धरली, आणि माझा खांदा दुखला. ह्याला मी पुरावा म्हणत नाही. रबराला काय दिसलं ते सांगतो.

सुभेदार चहा घेऊन आले तेव्हा पिशव्या अजून सीटवर होत्या. त्यांनी मोजायचा प्रयत्न केला असावा, पण मी दार लावून घेतलं होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तीही आता वाट बघत होती.

"बेचाळीसच्या आसपास," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोनदा. मग मुलीला म्हणाले, "ऐकलंस?" आणि मुलगी तोंडावर पदर नाही म्हणून ओढणी धरून बाहेर गेली. मी पिशव्या उतरवून घेतल्या, गाडी ढकलून स्थिर केली आणि विचारलं, साहेब, आता कसं कसू? पुस्तकात रिकाम्या गाडीवर आहे. मला वाटलं ते म्हणतील, ती बसायची तसं कसा. ते म्हणाले, "पुस्तकातलं करा. तिला उतरायचं होतं, उतरली. तिच्या पाठीला बरं वाटलं असेल." मी रिकाम्या गाडीवर कसलं. जाताना त्यांनी डावं दार उघडून एकदा आत बघितलं आणि हलकेच लावलं. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं. आवाज बंद आहे. मुलगी फोन करते अधूनमधून, सुभेदार भगूरपर्यंत रोज एक फेरी मारतात, बोलत नाहीत आता गाडीत, म्हणते. तिला त्याचंच थोडं वाईट वाटतं.

हे कागद कुणाला दाखवायचे नाहीत. पाथर्डी फाट्याच्या गॅरेजवाल्याचा बाप येऊन गाड्यांत बसतो असं कळलं तर गिऱ्हाईक तरी जाईल, नाहीतर दुपटीनं येईल, आणि दोन्ही मला नको. सुभेदारांना मी जो आकडा सांगितला त्याचं मला काही वाटत नाही. तुम्हीही तोच सांगितला असतात. बाईमाणसाच्या जागेवर बसलात, तर निदान तिचं वजन तिला देऊन टाकायचं. मला सांगायचंय ते दुसरं आहे. कुठलंही माप मी दोनदा घेतो, आण्णा. एकदा घेतलेलं ते माप नव्हे, अंदाज, असं मी मिस्त्रीला उठता-बसता ऐकवतो. तांदळाचं मी एकदाच घेतलं, आणि दुसऱ्यांदा घ्यायचा मोह होऊ नये म्हणून ती जुनी रेघ त्याच दुपारी पेट्रोलनं पुसून टाकली.